५०२ बॅड गेटवे: सर्व्हरवर चढवलेलं ॲप उघडत नसेल तर चूक कुठून शोधायची

लॅपटॉपवर ॲप व्यवस्थित चालत असतं. सर्व्हरवर चढवलं, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, की पांढऱ्या पानावर ‘५०२ बॅड गेटवे’ आणि खाली बारीक अक्षरात ‘एनजिनएक्स’. इथून पुढे बहुतेक जण जे करतात ते मला बघवत नाही. नेटवर शोधायचं, पहिल्या उत्तरातली कमांड जशीच्या तशी चिकटवायची, जमलं नाही की दुसऱ्या उत्तरातली. तासाभरात सहा ठिकाणी बदल झालेले असतात आणि मूळ चूक कोणती होती हे आता कुणालाच सांगता येत नाही.

मी गेली काही वर्षं छोट्या व्यवसायांसाठी जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमधली ॲप्स उबुंटू लिनक्सवर चढवतो. पुढे ब्राउझरच्या विनंत्या घेणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, मागे पायथनचं ॲप चालवणारा गुनिकॉर्न, गुनिकॉर्नला चालू ठेवायला सिस्टिमडी, आणि एनजिनएक्स-गुनिकॉर्नमध्ये युनिक्स सॉकेट, म्हणजे दोघं जिच्यातून बोलतात ती फाइल. ही जोडणी तुमच्याकडे झाली आहे, डोमेन सर्व्हरकडे वळवलं आहे आणि एसएसएचने आत जाता येतं असं धरून लिहितो. फ्लास्क वापरत असाल तरी जवळपास सगळं असंच लागू पडतं.

पायरी १: उत्तर कोण देतंय ते बघा

५०२ हे उत्तर एनजिनएक्सचं आहे. म्हणजे डोमेन बरोबर आहे, फायरवॉल उघडी आहे, एनजिनएक्स जिवंत आहे. त्याला फक्त मागच्या बाजूने धड उत्तर मिळालेलं नाही. तेव्हा एनजिनएक्स काढून पुन्हा टाकू नका, डोमेनच्या नोंदींना हात लावू नका. पान नुसतंच फिरत राहून ‘वेळ संपली’ म्हणत असेल तर गोष्ट वेगळी: ८० आणि ४४३ हे पोर्ट सर्व्हरवरच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये आणि क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधल्या फायरवॉलमध्ये, दोन्हीकडे उघडे हवेत. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी एसएसएचचा पोर्ट २२ उघडायला विसरू नका, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

पायरी २: गुनिकॉर्न उठलाय का

सिस्टिमसीटीएलने तुमच्या सर्व्हिसचं स्टेटस बघा. ती पडलेली असेल तर तिथला आकडा वाचा. २०३ म्हणजे युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणारी फाइल) दिलेल्या ठिकाणी गुनिकॉर्नच नाही किंवा तो चालवता येत नाही. बहुतेक वेळा व्हर्च्युअल एन्व्हायरनमेंटचा रस्ता चुकलेला असतो. २०० म्हणजे कामाची डिरेक्टरी चुकली. २१७ म्हणजे त्या नावाचा युजर या मशीनवर नाही.

३ दिसला तर गुनिकॉर्न सुरू झाला होता, पण तुमचा पायथन कोड लोड होताना कोसळला. जर्नलसीटीएलने सर्व्हिसचा लॉग उघडा आणि वर सरकत जा. खरी ओळ लॉगच्या शेवटी नसते, ट्रेसबॅकच्या, म्हणजे चूक कुठून आली ते दाखवणाऱ्या पायथनच्या ओळींच्या, तळाशी असते. एकतर एखादं पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं, नाहीतर एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल मिळालेलं नसतं. सिस्टिमडी तुमची बॅशआरसी फाइल वाचत नाही. तुम्ही टर्मिनलवर एक्सपोर्ट केलेला पासवर्ड त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. ही व्हेरिएबल्स एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि युनिटमध्ये ‘एन्व्हायरनमेंटफाइल’ म्हणून तिचा रस्ता द्या. थेट युनिट फाइलमध्येच पासवर्ड लिहिलात आणि त्यात टक्क्याचं चिन्ह असलं, तर सिस्टिमडी त्याचा वेगळाच अर्थ लावतो. युनिट फाइल बदलल्यावर डेमन-रीलोड, मगच रीस्टार्ट.

पायरी ३: कंसातला आकडा

गुनिकॉर्न चालू आहे, स्टेटस हिरवं आहे, तरीही ५०२. इथेच माणसं दिवस घालवतात, मीही घालवला आहे.

एनजिनएक्सचा एरर लॉग उघडा. तो ‘/व्हार/लॉग/एनजिनएक्स’मध्ये असतो. ॲक्सेस लॉग नव्हे, एरर लॉग. एका बाजूला तो चालू ठेवून ब्राउझरमध्ये पान पुन्हा लोड करा. जी ओळ उमटेल तिच्यात सॉकेटचा पूर्ण रस्ता असतो आणि कंसात एक आकडा. सगळं निदान त्या आकड्यात आहे.

२ असेल तर त्या जागी सॉकेटची फाइलच नाही. एनजिनएक्समध्ये लिहिलेला रस्ता आणि गुनिकॉर्नला दिलेला रस्ता अक्षर-अक्षर जुळवून बघा. १११ असेल तर फाइल आहे, पण पलीकडे ऐकणारं कुणी नाही. गुनिकॉर्न मरून त्याची जुनी फाइल मागे राहिली आहे. ११ असेल तर रांग भरली आहे, वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या गुनिकॉर्नच्या प्रक्रिया) कमी पडताहेत. गुनिकॉर्नच्या दस्तऐवजात सुरुवातीसाठी सीपीयू कोरच्या दुप्पट अधिक एक असं सूत्र दिलं आहे, तिथून आरंभ करा.

आणि १३. परवानगी नाकारली.

एका मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं ॲप मी चढवत होतो. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. ते झालं की मुहूर्तांच्या तारखांसाठी फोन खणखणायला लागतात, म्हणून मालकांना त्याआधी साइट चालू हवी होती. एरर लॉगमध्ये १३. मी सॉकेट फाइलची परवानगी बघितली, तर ती सगळ्यांना सताड उघडी: वाचा, लिहा, चालवा. गुनिकॉर्नचा यूमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या परवानग्यांतून काय वगळायचं तो आकडा, मुळात शून्य असतो, त्यामुळे सॉकेट बनतोच तसा. फाइल उघडी असताना परवानगी कसली नाकारताय, हे मला उमजेना. दोन तास मी त्या एका फाइलकडेच बघत बसलो.

चूक फाइलमध्ये नव्हती, रस्त्यात होती. लिनक्समध्ये सॉकेटपर्यंत पोचायला सॉकेटवर लिहिण्याची परवानगी तर हवीच, पण रूटपासून तिथपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीतून पार जाण्याची परवानगीही हवी. वाड्यातल्या शेवटच्या खोलीचं दार उघडं असून भागत नाही, दिंडीदरवाजाला कडी असेल तर पाहुणा बाहेरच राहतो. माझा सॉकेट युजरच्या होम डिरेक्टरीत होता, आणि एनजिनएक्सचे वर्कर उबुंटूवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या युजरच्या नावाने चालतात.

मग नेटवरच्या इतक्या लेखांमध्ये सॉकेट होममध्ये ठेवलेला असतो आणि त्यांचं चालतं, ते कसं? ते लेख जुने आहेत. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरची होम डिरेक्टरी ७५० परवानगीने बनते, म्हणजे इतरांना वाट बंद. त्याआधी ती ७५५ होती. २०.०४ वर कुणीही त्या दारातून आत जाऊ शकत होतं. २२.०४ वर तोच लेख ओळ न ओळ पाळलात तरी १३ येणार. लेख लिहिणाऱ्याने तेव्हा खोटं सांगितलं नव्हतं, पण तोच मजकूर तारीख न बघता अजून पुढे पाठवला जातो. म्हणून कोणतंही मार्गदर्शन वाचताना ते उबुंटूच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे आधी बघा.

आता त्याहून वाईट सल्ल्याबद्दल. १३ शोधलं की हमखास कुणीतरी सांगतं: सीएचमॉड ७७७ करा, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी द्या, तेही आतल्या सगळ्यावर. मी त्या दिवशी थकून ते केलं. साइट लगेच उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी एसएसएचने आत जायला गेलो तर माझी की नाकारली. कारण साधं आहे: होम डिरेक्टरीत किंवा कीच्या फायलींमध्ये इतर कुणालाही लिहिता येत असेल, तर एसएसएच सर्व्हर त्या कीवर विश्वास ठेवत नाही आणि तुम्हाला आत घेत नाही. ते योग्यच आहे, कारण कुणीही आपली की तिथे घुसवू शकेल. क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधल्या कन्सोलवरून आत जाऊन सगळ्या परवानग्या पूर्वपदावर आणायला माझी अख्खी सकाळ गेली, आणि तोवर लोकांची नावं, फोन नंबर, आगाऊ रकमा असलेला सर्व्हर रात्रभर आतून उघडा होता. ७७७ हे उत्तर कधीच नसतं. कुणी देत असेल तर त्याचं पुढचं ऐकू नका.

मग करायचं काय? आधी ‘नेमआय’ या कमांडला एलचा पर्याय आणि सॉकेटचा पूर्ण रस्ता द्या. ती रस्त्यातली प्रत्येक डिरेक्टरी वेगळ्या ओळीवर, मालक आणि परवानगीसकट दाखवते. जिथे ‘इतरांसाठी’च्या तीन जागांत शेवटचा एक्स नाही, तिथे तुमची कडी आहे. मला ही कमांड पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर ते दोन तास वाचले असते.

दुसरी चाचणी आणखी पक्की. सुडोने ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ युजर होऊन कर्ल ही टर्मिनलवरून विनंती पाठवणारी कमांड चालवा, त्याला युनिक्स सॉकेटचा पर्याय द्या आणि होस्ट हेडरमध्ये तुमचं डोमेन टाका. जे एनजिनएक्सला दिसतं नेमकं तेच तुम्हाला दिसेल. स्वतःच्या किंवा रूटच्या नावाने ही चाचणी करून ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणू नका. रूटला सगळीकडे वाट मोकळी असते. होस्ट हेडर विसरलात आणि ४०० आला तर ती चांगली खूण समजा: विनंती जँगोपर्यंत पोचली, त्याने फक्त ओळख विचारली.

उपाय म्हणून काही जण एनजिनएक्सच्या युजरला तुमच्या ग्रुपमध्ये घालायला सांगतात. चालतं, पण मी करत नाही. त्याने एनजिनएक्सला एका सॉकेटसाठी तुमच्या घरातल्या ग्रुपला उघड्या असलेल्या सगळ्या फायली दिसायला लागतात, आणि त्यात बऱ्याचदा डेटाबेसचा पासवर्डही असतो.

सॉकेट होममधून बाहेर काढा, ‘/रन’मध्ये न्या. पण तिथे हाताने डिरेक्टरी बनवू नका! ‘/रन’ मेमरीत असतं, सर्व्हर रीबूट झाला की रिकामं होतं. युनिट फाइलच्या ‘सर्व्हिस’ विभागात ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहून तिला ॲपचं नाव द्या. सर्व्हिस सुरू होताना सिस्टिमडी ती डिरेक्टरी योग्य मालकाच्या नावाने, ७५५ परवानगीने स्वतः बनवतो आणि सर्व्हिस थांबली की काढून टाकतो. गुनिकॉर्नच्या बाइंडमध्ये आणि एनजिनएक्सच्या प्रॉक्सी-पासमध्ये हाच नवा रस्ता लिहा. डेमन-रीलोड, गुनिकॉर्न रीस्टार्ट, एनजिनएक्सची कॉन्फिग चाचणी, मग रीलोड.

पान उघडलं पण सगळं उघडंबोडकं, सीएसएस नाही? तोच आजार. जँगोच्या कलेक्टस्टॅटिकने गोळा केलेल्या सीएसएससारख्या फायली होममध्ये पडल्या आहेत, एनजिनएक्सला त्या वाचता येत नाहीत आणि ४०३ मिळतोय. त्या ‘/व्हार’खालच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ डिरेक्टरीत हलवा आणि स्टॅटिकरूट बदला.

पायरी ४: ५०० आणि रिकामा लॉग

५०२ गेला आणि ५०० आला तर पुढे सरकलात. आता चूक तुमच्या कोडमध्ये किंवा डेटाबेसशी जोडणीत आहे. जर्नलमध्ये मात्र ट्रेसबॅक दिसत नाही आणि माणूस गोंधळतो. डीबग बंद असताना जँगो मुळात अशा चुका कन्सोलवर लिहीतच नाही, ॲडमिनना ईमेल करू बघतो. सेटिंग्जमध्ये ‘लॉगिंग’ लिहून कन्सोलचा हँडलर जोडा, चुका जर्नलमध्ये यायला लागतील. ‘जरा दोन मिनिटं’ म्हणून चालू साइटवर डीबग चालू करू नका. त्या पानावर तुमचा कोड आणि सेटिंग्ज कुणालाही वाचता येतात.

बाकीचे आकडे

४०० आला तर जँगोच्या अलाउड-होस्ट्समध्ये डोमेन घाला. लॉगिनच्या फॉर्मवर सीएसआरएफची (फॉर्म परक्या साइटवरून आल्याचा संशय) तक्रार असेल तर विश्वासू ओरिजिनच्या यादीत डोमेनच्या आधी ‘एचटीटीपीएस’ लिहिलंय का बघा, जँगो ४.० पासून ते सक्तीचं आहे. फोटो चढवताना ४१३ आला तर एनजिनएक्सची अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी आहे, वाढवा.

मोठा अहवाल काढतानाच ५०२ येत असेल, तर गुनिकॉर्न ३० सेकंदांत वर्करला मारतोय. एनजिनएक्स ६० सेकंद थांबायला तयार असतो, म्हणून ५०४ (वेळ संपली) न येता ५०२ येतो. टाइमआउट वाढवून वेळ मारून नेता येते, पण ती क्वेरी सुधारा किंवा काम सेलेरी या मागच्या मागे कामं करणाऱ्या साधनाकडे सोपवा. वर्कर काहीही कारण न देता मरत असतील तर कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद शोधा. आणि काहीच पटत नसेल तर डिस्क भरली आहे का ते बघा.

सगळं चालू झालं की गुनिकॉर्नची सर्व्हिस ‘इनेबल’ करा आणि सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करा, गिऱ्हाइकाला पत्ता पाठवण्याच्या आधी. तीन-चार मिनिटांनी फोनवरून, वायफाय बंद करून, साइट उघडा आणि लॉगिन करून एक नोंद सेव्ह होते का ते बघा.