लेदर जॅकेटचा खरा शत्रू घाम

एप्रिल-मेत सोलापुरात पारा 40 च्या वर. लेदर जॅकेट घालून बाईकवर तुळजापूरला जाऊन आलं तरी अस्तर घामानं चिंब होतं. घाम सुकतो, मीठ मागे राहतं. मग कॉलर आणि मनगटाजवळचं चामडं आधी कडक होतं, नंतर तडकतं. म्हणून घरी आल्यावर घट्ट पिळलेल्या कापडानं आधी याच जागा पुसा. जुना सोलापुरी टॉवेल यासाठी झकास. डिटर्जंट नको, सॅडल सोप (चामड्यासाठीचा खास साबण) चालेल. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली, रुंद हँगरवर. गच्चीवरच्या उन्हात अजिबात नाही. पूर्ण सुकलं की लेदर कंडिशनरचा (चामडं मऊ ठेवणाऱ्या क्रीमचा) पातळ हात द्या, जॅकेटला हवेसाठी बारीक भोकं असतील तर ती बुजू देऊ नका. खोबरेल तेल मात्र नको, कोणी कितीही सांगो: धूळ चिकटते, खवट वास येतो. स्वेड (मखमलीसारखं लवदार चामडं) असेल तर नुसता मऊ ब्रश.