बौद्धिक दिव्यांग लेकराला दंत रुग्णालयात नेण्याआधी

पिशवी भरायला घ्याल तेव्हा सगळ्यात आधी लेकराच्या जन्माचे कागद काढा. माता-बाल संरक्षण कार्ड, काचेच्या पेटीत ठेवलं असेल तर तिथलं सुट्टीचं कार्ड, जे हाती लागेल ते. दुधाच्या दातांचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास बनू लागतं आणि बाळ वर्षाचं होईस्तोवर पूर्ण होतं. कायमच्या पहिल्या दाढांचं काम जन्माच्या सुमारास सुरू होतं. बाळ दिवस भरायच्या आधी झालं, जन्मल्यावर रडलं नाही, कावीळ फार वाढली, तर मेंदूला इजा करणारं तेच कारण इनॅमलही कच्चं ठेवू शकतं. म्हणून अशा लेकरांच्या दातांवर पांढरे-पिवळे डाग, खड्डे, आडव्या खाचा जास्त दिसतात. असा दात निघतानाच कच्चा असतो, आणि इनॅमल शरीराला पुन्हा बनवता येत नाही. त्यामुळे ‘माय दात घासून देत नाही’ हे बोलणं मनाला लावून घेऊ नका. दात निघाला तेव्हाचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असेल तर तो मात्र शोधून ठेवा.

पाणी विहिरीचं, बोअरचं की नळाचं, तेही सांगावं लागेल. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्यानेही दात डागाळतात. शेजारच्या पोरांचे दात बघून जा. सगळ्यांचे तसेच असतील तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं.

झटक्यांच्या गोळ्यांची पट्टी, सिरपची बाटली सोबत घ्या. फेनिटॉइन या झटक्यांच्या औषधाने हिरड्या वाढतात, आणि रात्री गोड सिरप देऊन तोंड धुतलं नाही तर कच्चा दात लवकर किडतो. त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं तुम्हीच सांगणार आहात. थंड पाणी नको म्हणतो का, एकाच बाजूने चावतो का, गालावर मारून घेतो का, ब्रश दिसला की तोंड मिटतो का, हे आठवडाभर नीट बघा. त्याच दिवसांत घरी सरावही करा: खाटेवर आडवं करायचं, टॉर्चचा उजेड दाखवायचा, ‘आ’ करायला लावून चमच्याने दाताला हळूच स्पर्श करायचा आणि लगेच शाबासकी द्यायची. रडलं तर तिथेच थांबा. जबरदस्तीची आठवण खुर्चीपर्यंत जाते.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, रेशनकार्ड, निरामय विम्याचं कार्ड काढलं असेल तर तेही. बदलायचे कपडे, आवडतं खेळणं. नागपूरचं शासकीय दंत रुग्णालय असो की वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं, सकाळच्या पहिल्या एसटीने निघा. लेकरू दमायच्या आत नंबर लागला पाहिजे.

कीड रोखायला दातांवर फ्लोराइडचा लेप लावता येईल का, दाढेला स्टीलची टोपी बसेल का, हे विचारा. भूल देऊन काम करायचं म्हणाले, तर किती तास उपाशी ठेवायचं आणि त्या सकाळी झटक्याची गोळी कशी द्यायची, ते केसपेपरवर लिहून मागा.