सोयाबीनवर पांढरी पडलेली अळी दिसली तर बुरशीनाशक मारू नका

जुन्नर, आंबेगाव, खेडकडे झड लागली की सोयाबीनमधली ओल हटत नाही. अशा दिवसांत शेंड्याकडच्या पानांवर ताठ होऊन चिकटलेल्या अळ्या बघा. अंगावर आधी पांढरा थर असतो, मग त्याचीच फिकट हिरवी भुकटी होते. टिचकी मारली की धुरळा उडतो. ही मेटारायझियम रिलेयी, म्हणजे पूर्वीची नोमुरिया बुरशी. हा रोग पिकाचा नाही, अळीचा आहे. या अळ्या वेचून जाळू नका, उडणारी भुकटी शेजारच्या अळ्यांनाही मारते. पांढरं दिसलं म्हणून मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक तर अजिबात नको. फुकट लाभलेली ही मदत आपल्याच पंपाने मरते, याचं फार वाईट वाटतं.

अशी बुरशी किडीच्या पोटात जावी लागत नाही. बीजाणू, म्हणजे त्या भुकटीतला कण, कातडीला चिकटतो, ओलीत रुजतो, कातडी विरघळवून आत शिरतो आणि रक्तात वाढतो. म्हणून रस शोषणाऱ्या किडीही सुटत नाहीत. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांच्यासाठी दुकानात व्हर्टिसिलियम ही बुरशी मागा. नारळावरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यावरसुद्धा हिर्सुटेला नावाची बुरशी जगते!

फवारायची तर नोमुरिया 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम घ्या. पंप स्वच्छ धुतलेला हवा. उघडीप बघून दुपारी चारनंतर, पानांच्या खालूनही फवारा. पुडा उन्हात ठेवू नका, मुदत तपासा. दुसऱ्या दिवशी अळ्या हिंडताना दिसतील, मरायला आठवडाभर लागू शकतो. तोवर बुरशीनाशक टाळा. पानांची चाळण झाली असेल तर मात्र एवढ्यावर विसंबू नका.

दौंड, बारामतीच्या उसात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असेल तर मेटारायझियम अ‍ॅनिसोप्ली ही बुरशी हेक्टरी 20 किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ द्या आणि मातीआड करा. जमिनीत ओल हवीच. अळ्या लहान असतानाच हे करा, पोसलेली हुमणी सहजी दाद देत नाही.

तुतीजवळ बिव्हेरिया बॅसियाना ही कीडनाशक बुरशी वापरू नका. 1835 मध्ये इटलीच्या अगोस्तिनो बास्सी यांनी रेशीम किड्यांच्या पांढऱ्या रोगाचं मूळ म्हणून दाखवली ती हीच बुरशी. शेजारी कुणाचं कीटक संगोपनगृह असेल तर फवारणीआधी त्यांना विचारा.