खर्जातला आवाज आणि ऑपेराचं करिअर: या चुका टाळा

बेस, म्हणजे पुरुषांमधला सगळ्यात खालचा आवाज असलेल्या मुलाला मुंबईत पहिली दाद मिळते ती गाण्याला नाही, फोनवरच्या ‘हॅलो’ला. मग कॉलेजच्या कॉयरमध्ये कोणीतरी म्हणतं, ‘अजून खाली जाऊन दाखव ना.’ तो दाखवतो, टाळ्या पडतात आणि पुढची काही वर्षं तो तळच खणत बसतो. ऑपेरात काम देणारे तळ फारसा विचारत नाहीत. फार खाली जायला लावणाऱ्या भूमिका मोजक्याच आहेत. मोझार्टच्या १७८२ सालच्या ऑपेरातला ओस्मिन लो डीपर्यंत उतरतो, १७९१ च्या ‘द मॅजिक फ्लूट’मधला झारास्त्रो लो एफपर्यंत. बाकी बेसची खरी परीक्षा वर होते. वेर्दीच्या ‘डॉन कार्लोस’मधला राजा फिलिप आपल्या एकट्याच्या प्रसंगात मिडल सीच्या (पियानोच्या मधोमध असलेल्या सीच्या) वरच्या ईपर्यंत चढतो. तो सूर ओढूनताणून लावला की समोरच्याला लगेच कळतं.

सकाळचा सूर हिशोबात धरू नका

झोपून उठल्यावर स्वरतंतू किंचित सुजलेले आणि जड असतात, त्यामुळे ते सावकाश कंप पावतात आणि आवाज आपोआप खाली जातो. सर्दीतही हेच होतं. त्या वेळी लागलेला लो सी हा तुमचा सूर नव्हे, ती सूज आहे. संध्याकाळी पाच वाजता, पियानोबरोबर, स्पष्ट ‘आ’वर चार-पाच सेकंद धरता येतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो, तो तुमचा सूर. नुसती घरघर उमटत असेल तर ती मोजू नका.

खाली जाताना आणखी एक खोड लागते: जिभेच्या मुळाने कंठ खाली दाबणं. हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवा आणि गात खाली या. तो भाग दगडासारखा कडक झाला तर तुम्ही दाबताय. आवाज स्वतःला भारदस्त वाटतो, कारण तो स्वतःच्या डोक्यातच घुमत असतो. हॉलमध्ये तो मागच्या रांगांपर्यंत पोचतच नाही.

मोबाईलवर विश्वास

फोनवर रेकॉर्ड करून आपला आवाज जोखणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर. ऑपेरात माइक नसतो. लो एफ म्हणजे सेकंदाला साधारण ८७ कंपनं. फोनचा चिमुकला स्पीकर ती जेमतेमच वाजवतो, आपला कान वरच्या स्वरांशांवरून (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या उंच सुरांवरून) सूर ओळखतो. शिवाय फोन हळू आवाज आपणहून वाढवतो आणि मोठा आवाज दाबतो, त्यामुळे त्यात सगळेच शूर.

ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर जाताना तो ओसरतो. कमावलेल्या पुरुष आवाजात २५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात एक उठाव तयार होतो, बेसमध्ये थोडा खालच्या बाजूला. या उठावामुळेच एकटा माणूस साठ वाद्यांच्या वर ऐकू येतो. म्हणजे बेसला पोचवते ती त्याची धार. केवळ घुमारा कमावलेला मुलगा ऑर्केस्ट्रा सुरू झाला की गायब होतो. तपासायचं तर रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत मित्राला बसवा आणि शब्द कळतात का ते विचारा. आवाज कसा वाटला हे विचारू नका, मित्र खोटं बोलतात.

‘मी काळी एकमध्ये म्हणतो’

आपल्याकडे गवई स्वतःची पट्टी निवडतो. ऑपेरात पट्टी संगीतकाराने ठरवलेली असते. भूमिका उंच पडली तर ती आपली नव्हे, विषय संपला. (अपवाद आहेत. ‘सेव्हिलचा न्हावी’मधलं बाझिलिओचं गाणं मूळ डीमध्ये आहे, पण बेस ते सर्रास सीमध्ये गातात.) शूबर्टची गाणी मात्र खालच्या पट्टीत छापलेली मिळतात, म्हणून धोबीतलावच्या दुकानात पुस्तक घेताना ‘लो व्हॉइस’ आवृत्ती आहे ना, एवढं बघून घ्या.

आपण बेस की बॅरिटोन (बेसच्या वरचा, मधला पुरुषी आवाज), हेही तळाच्या सुरावरून ठरवू नका. वर जाताना आवाज कुठे वळतो, म्हणजे त्याचा पोत कुठे बदलतो, ते बघतात. असे दोन वळसे धरतात. बेसचा दुसरा वळसा बहुधा मिडल सीच्या वरच्या डीपाशी येतो, बॅरिटोनचा ई फ्लॅट किंवा ईपाशी. विशीत हे पक्कं नसतंच. ज्यांना विशीत छातीठोक ‘बेस’ म्हणून सांगितलं जातं, त्यातले बरेच पुढे बॅरिटोन निघतात.

इंग्रजीच्या वाटेने इटालियन

मराठी माणसाला इटालियन उच्चार अर्धे फुकट मिळालेले असतात. त्यांचा टी म्हणजे आपला ‘त’, जोडव्यंजन ‘पत्ता’ म्हणताना येतं तसंच. तरी पोरं इंग्रजी माध्यमाच्या सवयीने ‘टुट्टी’ म्हणतात. ‘तुत्ती’ म्हणा. जर्मनला मात्र वेगळा शिक्षक लावावाच लागतो.

घसा

मध, ज्येष्ठमध, आल्याचा रस: गिळलेलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. बरं वाटतं, एवढंच. खरा शत्रू म्हणजे रात्री साडेदहाला मिसळ खाऊन अकराला आडवं होणं. आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज खरखरतो. लोकलच्या दारात गर्दीत गप्पा मारणं त्याच्या खालोखाल. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची कंपनं दाखवणारी तपासणी) करून घ्या. कार्यक्रमासाठी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन ठोकून उभं राहू नका.

घाई, आणि उलटी घाई

बेस पिकायला वेळ लागतो, तिशी-पस्तिशी उजाडते. म्हणून बाविसाव्या वर्षी फिलिप किंवा मुसोर्ग्स्कीच्या ऑपेरातला बोरिस गोदुनोव गाऊन ऑडिशनला जाणं हास्यास्पद दिसतं. पण नुसतं थांबूनही चालत नाही, कारण युरोपातले बरेच ऑपेरा स्टुडिओ (तरुण गायकांना तयार करणारे ऑपेरा हाउसचे विभाग) तिशीच्या आसपास दार लावतात. मधला रस्ता छोट्या भूमिकांचा: ‘ला बोहेम’मधला कोलिन, ‘तोस्का’मधला अँजेलोत्ती, ‘कार्मेन’मधला झुनिगा. कोलिनचं कोटाचं गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आहे, ऑडिशनला फार सोयीचं. पण एकटं नेऊ नका. चार-पाच गाणी लागतात, किमान तीन भाषांत, आणि जर्मनीला जाणार असाल तर त्यातलं एक जर्मन हवंच.

जर्मनीत ऐंशीच्या आसपास ऑपेरा हाउस आहेत आणि त्यांच्या कोरसमध्ये पगारी नोकऱ्या असतात. कोरस म्हणजे हरलेल्यांची जागा, असं इथल्या काही शिक्षकांच्या तोंडून ऐकू येतं. मला ते पटत नाही. दुसऱ्या बेसची (कोरसमधल्या सगळ्यात खालच्या आवाजाची) जागा निघाली तर अर्ज करा, आणि अर्जाबरोबर पाठवायच्या रेकॉर्डिंगवर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावू नका.