आयगरचा डेटा सोलापुरात उतरवताना

आयगर १६एम या क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या एका फ्रेममध्ये सुमारे १.८ कोटी पिक्सेल असतात. १६ बिटांनी धरलं तर फ्रेम झाली ३६ एमबीची, आणि पहिल्या पिढीचा आयगर सेकंदाला १३३ फ्रेम देतो. क्रिस्टल दर फ्रेमला ०.१ अंश फिरवत घेतलेल्या ३,६०० फ्रेम अर्ध्या मिनिटात संपतात. कच्चा हिशेब १३० जीबीचा. परदेशातल्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र) प्रोटीनचं क्रिस्टल पाठवून इथं होटगी रोडवर प्रोसेसिंगला बसणाऱ्या मुलांना मी आधी हेच सांगते: आकड्याला घाबरू नका, आणि डेटाचं कॉम्प्रेशन काढून ठेवू नका.

बहुतेक पिक्सेलांवर शून्य, एक, फार तर दोन फोटॉन पडलेले असतात. कॉम्प्रेशनची पहिली पायरी, बिटशफल, सगळ्या पिक्सेलांचे पहिले बिट एका रांगेत लावतो, दुसरे दुसऱ्या रांगेत, असं सोळापर्यंत. वरच्या बिटांच्या रांगा जवळजवळ नुसत्या शून्यांच्या निघतात आणि एलझेड४ हा कॉम्प्रेशनचा अल्गोरिदम त्या चुटकीसरशी आवळतो. एकही फोटॉन हरवत नाही. चाइम या रेडिओ दुर्बिणीसाठी घडलेली ही युक्ती प्रोटीनच्या कामी यावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्यावर पुन्हा झिप मारू नका. वेळ जाईल, जागा वाचणार नाही.

डेटा फाइलींसोबत येणारी मास्टर फाइल जिवापाड जपा. तरंगलांबी, डिटेक्टरचं अंतर, बीम सेंटर हे सगळं तिच्यात, आणि डेटा फाइलींचे दुवेही तिच्यातच. नंतर सापडावं म्हणून डेटा फाइलींना कुणी प्रोटीनचं नाव दिलं की दुवे तुटलेच. नावं हवीत तर फोल्डरला द्या.

बीमटाइम (सिंक्रोट्रॉनवर मिळालेला वेळ) चालू असतानाच पहिल्या शंभरेक फ्रेम डायल्स या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून इंडेक्सिंग (ठिपक्यांवरून क्रिस्टलची जाळी ओळखणं) होतंय का बघा. क्रिस्टल दुहेरी निघालं तर दुसरं लावता येतं. नंतर कळून काय उपयोग?

डेटा उतरवायला आरसिंक हा प्रोग्रॅम वापरा, रात्री लावा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १० जीबीला पाव तास तरी धरा. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट जाते, म्हणून डिस्क आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल घेणारच नाही, एक्सफॅट करून घ्या. मग चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा आकडा) जुळवा, दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, तेव्हाच तिकडची प्रत पुसायला हरकत नाही म्हणा.

एक्सडीएस या प्रोसेसिंगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरला या फाइली वाचायला नेग्गिया किंवा ड्युरिन प्लगइन लागतं. इनपुट फाइलमध्ये त्याचा पूर्ण पाथ लिहा.