फोल्डर पेनड्राइव्हमध्ये मावेल का, हे कॉपी लावायच्या आधी कसं काढायचं

लग्नाचं शूटिंग पार्टीला पेनड्राइव्हवर द्यायचं असलं की आधी फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, तिथे साइज. एवढं सगळ्यांनाच येतं.

मी फसलो ते पुढे. चोपड्याच्या एका लग्नाचं फोल्डर विंडोजमध्ये 62 जीबी दिसत होतं, मी 64 चा नवा पेनड्राइव्ह आणला, म्हटलं दोन जीबी उरतीलच. कॉपी लावली तर जागा कमी म्हणे, ड्राइव्ह उघडून बघतो तर सगळा मिळून 59.6 जीबीच! दुकानात जाऊन भांडलो, डुप्लिकेट माल देतो का भो, त्याने बिचाऱ्याने बदलून दिला, तर तोही 59.6 च, मग माझं तोंड बघण्यासारखं झालं.

चूक कोणाचीच नव्हती. कंपनी 1000 च्या हिशोबाने मोजते, तिचे 64 जीबी म्हणजे सरळ 6,400 कोटी बाइट. विंडोज त्याच बाइटना 1024 ने तीनदा भागतं आणि वर नाव जीबीच लावतं. कच्चा मण, पक्का मण असायचा ना, तसलाच प्रकार. 1024 वाल्या मापाला आयईसी या मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1998 मध्ये गिबीबाइट असं वेगळं नाव दिलंय, पण आपल्या बाजारात गिबीबाइट म्हणून बघा कोणाला कळतं का. आणि "बाकीची जागा फॉरमॅटिंग खातं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, फॉरमॅटिंगला लागते ती किरकोळ, चार जीबी नाही.

म्हणून जीबीकडे बघायचंच नाही, प्रॉपर्टीजमध्ये बाजूलाच बाइटचा लांबलचक आकडा असतो तो बघायचा, फोल्डरचाही आणि ड्राइव्हचाही. माझं फोल्डर 6,657 कोटींचं होतं, मावणार कुठून! तोंडी काढायचं तर पाकिटावरच्या जीबीला 0.93 ने गुणा, 1 टीबीच्या हार्डडिस्कमध्ये 931 दिसतील. मॅकवाल्यांनी गुणायचं नाही, तिथे 2009 पासून 1000 नेच मोजतात.

शूटिंग किती जागा घेईल हे आधीच काढायचं तर कॅमेऱ्यावर 50 एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लिहिलेलं असतं ते बघा, पण ते बिट, बाइट नाही, 8 बिटचा एक बाइट, म्हणून 8 ने भागा, सेकंदाला 6.25 एमबी, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी.

जागा असूनही 4 जीबीच्या वरची एखादी फाइल जात नसेल तर ड्राइव्ह एफएटी32 या जुन्या फॉरमॅटचा आहे, त्यात एवढी मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून घ्या, पण आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा.