ईगल स्काउट प्रकल्प : माजी सैनिकांसाठी स्मृतिबाग कशी उभारावी

अमेरिकेतल्या मराठी घरांमधली बरीच मुले स्काउटमध्ये असतात आणि ‘लाइफ स्काउट’ झाल्यावर ‘ईगल’ या सर्वोच्च पायरीसाठी लागणाऱ्या सेवाप्रकल्पाचा विषय शोधू लागतात. आमच्या मुलाने गावातल्या माजी सैनिकांसाठी बाग केली. त्या अनुभवातून लक्षात आलेला कामाचा क्रम इथे देत आहे.

सर्वांत आधी, बाग ज्यांच्यासाठी आहे त्यांना जाऊन भेटावे. ‘अमेरिकन लीजन’सारख्या माजी सैनिकांच्या संघटनेची शाखा, म्हणजे ‘पोस्ट’, जवळपास असेल तर मुलाने स्वतः वेळ ठरवून, वही घेऊन जावे. आपण स्मारक म्हटले की हुतात्मेच डोळ्यांसमोर येतात. तिथे मात्र मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारचा ‘मेमोरियल डे’ सेवेत प्राण गमावलेल्यांसाठी असतो, तर 11 नोव्हेंबरचा ‘व्हेटरन्स डे’ सैन्यात सेवा केलेल्या सर्वांसाठी, हयात असलेल्यांसाठीही. बाग यांपैकी कोणासाठी, हे पहिल्याच भेटीत ठरवावे. आमच्या मुलाने आराखड्यात मधोमध कारंजे काढले होते. पोस्टमधल्या एका आजोबांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि पाठ टेकून बसता येईल असा बाक कुठे आहे, एवढेच विचारले. कारंजे गेले आणि तीन बाक आले.

त्यानंतर ईगल प्रकल्पाच्या ठरावीक वर्कबुकमध्ये प्रस्ताव लिहावा. ज्या संस्थेसाठी काम करायचे ती संस्था, स्काउटमास्टर, ट्रूपची (म्हणजे मुलाच्या स्काउट पथकाची) समिती आणि कौन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट (स्काउट संघटनेची स्थानिक कार्यालये) या चौघांच्या सह्या झाल्याशिवाय एक फावडेही चालवू नये. किमान इतके तास काम झालेच पाहिजे, असा नियम नाही. मुलाने इतरांचे नेतृत्व कसे केले, हेच पाहिले जाते. म्हणून आईवडिलांनी गाडी चालवावी, पाणी पुरवावे, पण फोन मुलालाच करू द्यावेत. (मला हेच सर्वांत जड गेले.) बाहेरून वर्गणी गोळा करायची असेल, तर वर्कबुकमधला निधीसंकलनाचा अर्जही आधी मंजूर करून घ्यावा लागू शकतो. उरलेले पैसे त्या संस्थेलाच द्यायचे असतात. अठरावा वाढदिवस ही शेवटची मुदत असल्याने हिवाळ्याचे महिने सोडूनच वेळापत्रक आखावे.

नावे कोरलेल्या विटा बसवायच्या असतील, तर सर्वाधिक वेळ त्यांना द्यावा. नाव, हुद्दा, सेनादल आणि सेवेची वर्षे कुटुंबाकडून लिहून घ्यावीत आणि शक्य असेल तिथे सेवामुक्तीच्या कागदाशी, म्हणजे डीडी-214 शी, ताडून पाहावीत. कोरणाऱ्याकडून नमुना आला की तो त्या घरच्या माणसाला दाखवून सही घ्यावी. आमच्या नमुन्यात एका मरीनच्या (आर्मीपेक्षा वेगळ्या असलेल्या मरीन दलातल्या सैनिकाच्या) नावापुढे ‘आर्मी’ असे आले होते आणि ते त्यांच्या नातीच्याच नजरेला पडले. मरीन दलात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही चूक लहान वाटत नाही.

खोदण्यापूर्वी काही दिवस 811 या क्रमांकावर फोन करावा. जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा विनामूल्य करून मिळतात : लाल रंग विजेचा, पिवळा गॅसचा, निळा पिण्याच्या पाण्याचा. विटांच्या वाटेखाली सुमारे 4 इंच खडी थराथराने दाबून, तिच्यावर इंचभर वाळू पसरून ती फळीने सपाट करावी. खडी दाबण्याचे यंत्र मोठ्यांनीच चालवावे. विटांच्या कडा पक्क्या बांधाव्यात, नाहीतर दोन हिवाळ्यांत त्या सुटतात. चाकाची खुर्ची जायला वाट किमान 36 इंच रुंद लागते. जागा असेल तर 60 इंच ठेवावी, म्हणजे समोरून आलेल्यालाही सहज जाता येते. बाकाशेजारी एका खुर्चीपुरती सपाट फरसबंदी मोकळी ठेवावी. ध्वज रात्रीही फडकत राहणार असेल, तर त्याच्यावर प्रकाश असणे ध्वजसंहितेनुसार आवश्यक आहे. दिव्याची सोय आराखड्यातच करावी.

झाडे कमी निगेची निवडावीत. बारमाही हिरवाईसाठी बॉक्सवुड किंवा ज्युनिपर आणि नोव्हेंबरच्या कार्यक्रमासाठी शेवंती उत्तम. सैनिकांच्या स्मृतीचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या लाल पॉपीचे बी थेट जमिनीतच पेरावे, कारण तिची रोपे उपटून लावलेली सहसा मानवत नाहीत. झाडाभोवती 2 ते 3 इंच मल्च (झाडाची साल, पालापाचोळा यांचे आच्छादन) घालावा, पण खोडाला टेकू देऊ नये.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, याची नावांसह पाळी बाग सोपवण्यापूर्वीच लावावी. कोणते नाव कोणत्या रांगेत आहे, याचा नकाशा पोस्टकडे द्यावा आणि त्याच खेपेतल्या दहाबारा कोऱ्या विटा शेवटच्या रांगेत बसवून ठेवाव्यात. पुढे नावे वाढतात आणि त्याच रंगाची वीट नंतर मिळेलच असे नाही.